प्रश्नावलीत नसलेला प्रश्न

डॉक्टर आला तेव्हा धुकं समुद्रावरच होतं.
ओला रेनकोट त्यानं दाराच्या खिळ्याला टांगला,
मांडीवर कागदांची चळत घेतली.
आई खिडकीपाशी खाटेवर.
मी सोळा वर्षांची, मधे बसलेली,
त्याचं इंग्रजी आमच्या फेरोईत आणायला.

युद्धात ब्रिटिश शिपाई कुठे राहत होते?
आईनं हनुवटीनं तळ्याकडे दाखवलं,
दलदल बुजवून त्यांनी धावपट्टी केली तिकडे.
घरापासून किती लांब?
हाक पोचेल इतकं.
पाणी एकाच झऱ्याचं? दूध? त्यांची कुत्री होती का?
होती. एक तपकिरी, तीन पायांवर चालणारी, डचेस.
माझं नाव घ्यायला मात्र त्या सकाळी
आईची जीभ दोनदा अडखळली.

तो म्हणाला, या बेटांवर हा आजार
आधी कुणाच्या नोंदीत नाही.
शिपाई आले, गेले, आणि मग एकेक माणूस लुळं पडू लागलं.
त्यांच्याबरोबर काहीतरी आलं असेल.
किंवा आधीही होतं, कुणी मोजलं नव्हतं.
हे मी आईला सांगितलं.
ती मेंढ्या मोजत असल्यासारखी बाहेर बघत राहिली.

सगळ्यात आधी तिचा लाल रंग गेला होता,
फक्त डाव्या डोळ्यातला.
उजवा झाकला की माझा नवा स्वेटर
दहादा धुतल्यासारखा दिसे.
मग सुईवरून टाके गळू लागले,
ती लोकरीला शिव्या देई.
मान वाकवली की पाठीतून सळसळत वीज उतरे,
म्हणून चर्चमध्ये ती मान ताठ ठेवून प्रार्थना करी
आणि बायका म्हणत, सान्नाला गर्व झालाय.

डॉक्टरची बोट सुटली तेव्हा आई हसली,
स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, गुड लक, डॉक्टर.
मी बघतच राहिले.
"तुला येतं?"
"विल्फनं शिकवलं. कोळशाच्या गावचा होता, ओठ फुटलेले.
मांस वाळवायच्या खोपटात, टांगलेल्या मेंढ्यांच्या मधे,
फळ्यांच्या फटींतून वारा.
डॉक्टरनं कुत्रीचंसुद्धा विचारलं बघ.
मुक्यांचं नाही विचारलं."
त्या वसंतात तीन आठवडे ताप होता तिला,
गळ्यात गाठी, पाणीही उतरेना.
कुणी म्हणालं, हवा बदललीय.

तोश्हाव्नच्या इस्पितळात मी एकतीस वर्षं रक्त तपासलं.
निवृत्त व्हायच्या सुमारास वाचलं:
दूर देशात, तरुण सैनिकांचं गोठवून ठेवलेलं रक्त
कुणीतरी पुन्हा वितळवून पाहिलं.
आधी विषाणू शिरलेला, मग वर्षं, मग आजार.
आणि विषाणू तोच, त्या तापाचा, थुंकीतून जाणारा.
एकदा आला की जात नाही.
त्याच्या अंगाचा एक तुकडा म्हणे
मज्जातंतूंवरच्या वेष्टनातल्या तुकड्यासारखा दिसतो,
आणि शरीराचे पहारेकरी गोंधळतात.
चोर सोडून संन्याशाला सुळी.
आईच्या पाठीत किती संन्यासी गेले असतील.

त्या रात्री एकटीच होते प्रयोगशाळेत.
डाव्या हाताला पट्टा बांधला, दातांनी ओढला,
एक नळी माझीही भरली.
निकाल ठाऊकच होता. शंभरातल्या पंचाण्णवांत असतो तो.
माझ्यातही आहे.
पन्नास वर्षं भाडं न देता झोपलाय,
एक काचसुद्धा फुटली नाही.

मग तिच्याच घरात का पेटवलं?
सूर्य कमी म्हणून? रक्तातली काही जुनी खूण?
तापाचं वय चुकलं?
शास्त्रज्ञ अजून कागदावर कागद ठेवतायत.
आणि विल्फचाच होता कशावरून?
थोरल्या बहिणीचा चमचा असेल,
किंवा बाप्तिस्म्याच्या जेवणातला फिरता पेला.

तरी मला त्याच्यावरच ठेवावासा वाटतो,
त्या फुटक्या ओठांवर.
आजारपणाच्या एकवीस वर्षांत
आई एकदाच अशी हसली होती,
आणि तिचा डावा डोळा, लाल हरवलेला,
त्या क्षणी नेमकं काय बघत होता
ते मी विचारलं नाही.